जाळीखालचा अंधार

(आकाशवाणीवरून दिलेल्या भाषणाचा मजकूर)



रणगाडा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे पोलादाचा एक भरीव डोंगर उभा राहतो. त्याची वीतभर लांबीची प्रतिकृती हाती घेतली म्हणजे मात्र पहिला प्रत्यय येतो तो तिच्या हलकेपणाचा. वर एक कवच, खाली एक कवच आणि मध्ये हवा, एवढाच तिचा कारभार. बाजारात मिळणारे प्लॅस्टिकचे बहुतेक संच असेच असतात. मुलांनी पुठ्ठ्याचे केलेले गाडे तर सगळेच. आत यंत्र नाही, माणूस नाही, दारूगोळा नाही. ही पोकळी एरवी कोणाच्या लक्षातही येत नाही, कारण रणगाड्याला खिडक्या नसतात. मोटारीची प्रतिकृती करणाऱ्याला आतील आसने दाखवावी लागतात, आगगाडीचा डबा करणाऱ्याला बाके बसवावी लागतात. रणगाडा करणारा या साऱ्या कटकटीतून सुटला, असे आपल्याला वाटते. पण तो पुरता सुटलेला नसतो. रणगाड्याच्या पाठीवर, अगदी मागच्या भागात, जाळ्या असतात. प्रदर्शनाच्या टेबलापाशी उभा असलेला मनुष्य वरूनच पाहतो, आणि त्याची दृष्टी नेमकी या जाळ्यांवर पडते. मग त्या दुर्धर युद्धयंत्राच्या पोटात त्याला काय दिसते? टेबलावर अंथरलेली पांढरी चादर!

या जाळ्यांविषयी आणि त्यांच्याखालचा रिकामेपणा कसा झाकावा याविषयी मी आज आपल्याशी बोलणार आहे. विषय चिमुकला आहे, हे मला मान्य आहे. शनिवारी दुपारी दहाबारा मुले जमवून पुठ्ठा, कात्री आणि डिंक घेऊन बसणाऱ्या मास्तराला याहून मोठा विषय कोठून सुचणार? शिवाय या छंदात मी काही निष्णात नाही. नवशिक्यांच्या पुढे आणि जाणत्यांच्या बराच मागे, असा मधल्या बाकावर बसणारा विद्यार्थी आहे. तथापि मधल्या बाकावरून फळाही दिसतो आणि मागच्यांची कुजबुजही ऐकू येते, हा त्या जागेचा फायदा असतो.

आमच्या बेळगाव-निपाणी भागातील मुलांना रणगाड्याचे वेड का, असे मला कोणी कोणी विचारतात. बेळगाव हे लष्कराचे गाव आहे. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र येथे शंभराहून अधिक वर्षे नांदते आहे, आणि आसपासच्या खेड्यांत असे घर विरळा की ज्याच्या भिंतीवर गणवेशातील एखाद्या काकाची, मामाची वा आजोबांची तसबीर नाही. परंतु हे पायदळाचे गाव. रायफल खांद्यावर घेऊन धावणारे जवान मुलांनी पहाटे रस्त्यावर पाहिलेले असतात. रणगाडा मात्र चित्रातच पाहायचा. जो डोळ्यांनी पाहिला नाही तो करून पाहावा, ही मुलांची रीत दिवाळीच्या किल्ल्यांपासून चालत आलेली आहे. बेळगावात दिवाळीला गल्लोगल्ली जे किल्ले उभे राहतात ते करणाऱ्या पोरांपैकी किती जणांनी रायगड वा प्रतापगड प्रत्यक्ष चढलेला असतो?

खरा रणगाडा जवळून पाहायचा तर या भागातील माणसाने अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीचे अहमदनगर, गाठावे. चिलखती दलाच्या प्रशिक्षण केंद्राने तेथे १९९४ मध्ये रणगाड्यांचे संग्रहालय उभारले. पहिल्या महायुद्धाच्या काळातील चिलखती मोटारीपासून १९६५ च्या युद्धात हाती लागलेल्या पॅटनपर्यंत अनेक वाहने तेथे उघड्यावर ओळीने मांडलेली आहेत. लोक तोफेच्या नळीपुढे उभे राहून छायाचित्रे काढतात. माझ्यासारखे दोन-चार खुळे तेवढे मागच्या बाजूला जाऊन, टाचा उंच करून, जाळ्या पाहतात.

या जाळ्या असतात कशासाठी? पन्नास टनांचे धूड ओढायचे म्हणजे इंजिनही तसेच दांडगे हवे. आपल्या सैन्याने १९६५ व १९७१ च्या युद्धांत वापरलेला सेंच्युरियन हा रणगाडा घ्या. त्याचे मीटिअर नावाचे बारा सिलिंडरांचे इंजिन साडेसहाशे अश्वशक्तीचे. स्पिटफायर विमानात जे मर्लिन इंजिन असे, त्याचाच हा जमिनीवरचा भाऊ. एवढे इंजिन चारी बाजूंनी जाड पोलादात कोंडले तर ते आपल्याच उष्णतेने थोड्या वेळात जाम होईल. त्याला थंड हवा आत ओढून घ्यावी लागते आणि तापलेली बाहेर टाकावी लागते. म्हणजे चिलखताला भोक पाडणे आले. आणि चिलखताला भोक पाडणे म्हणजे शत्रूला वाट करून देणे. या दोन गरजांच्या तडजोडीतून जाळी जन्माला आली. ती बहुधा गाड्याच्या पाठीवर असते, कारण तेथे समोरून येणारा गोळा लागत नाही. कोठे तिच्या पोलादी पट्ट्या तिरप्या बसवतात, म्हणजे हवा जाते पण गोळीला सरळ वाट मिळत नाही. कोठे पट्ट्यांवर बारीक तारेची जाळी ताणतात, म्हणजे पाला, काटक्या, खडे आणि उडालेले लोखंडाचे तुकडे अडतात. जर्मनांच्या पँथर रणगाड्याच्या पाठीवर तर इंजिनाच्या दोन्ही बाजूंना गोल झरोके होते आणि त्यांच्याखाली मोठे पंखे फिरत. एकूण, जाळी ही शोभेची नक्षी नव्हे. ते रणगाड्याचे नाक आहे.

हे नाक आहे, ही गोष्ट ज्याने आमच्या मुलांना शिकवली तो मास्तर नव्हता. एका वर्षी शाळेच्या प्रदर्शनाला जवळच्या खेड्यातील एक निवृत्त हवालदार आले होते. सैन्याच्या यांत्रिक दुरुस्ती विभागात त्यांची उमेद गेलेली. रणगाड्यांची इंजिने उचलून बाहेर काढणे आणि परत बसवणे हा त्यांचा वर्षानुवर्षांचा उद्योग. एका चुणचुणीत मुलाने पुठ्ठ्याचा गाडा फार सुबक केला होता. पोकळी दिसू नये म्हणून त्याने जाळीच्या जागी काळ्या चकचकीत कागदाचे चौकोन वरूनच चिकटवले होते आणि त्यांवर पांढऱ्या शाईने रेघा ओढल्या होत्या. हवालदारांनी गाडा हातात घेतला, पाठ फिरवून पाहिली आणि म्हणाले, "मास्तर, ह्या गाड्याचा दम कोंडलाय की वो! दोन मैलसुदीक जायचा नाही हा."

मुलगा हिरमुसला. पण गप्प बसणाऱ्यांतला नव्हता. "मग उघडं ठेवलं तर आत काय दिसंल, आजोबा? आत तर काईच नाही."

"खऱ्या गाड्यात तरी काय दिसतंय रे बाळ? अंधार दिसतोय. मी एवढी वर्सं काम केलो, वरनं बघून इंजिन दिसलंय असं कधी झालं नाही. बॅटरी मारावी लागती."

या दोन वाक्यांत सारा विषय आला, असे मला तेव्हा वाटले आणि आजही वाटते. आपण समजतो की प्रतिकृतीत जाळीखाली इंजिन नाही, म्हणून ती खोटी दिसते. वास्तविक खऱ्या गाड्याच्या जाळीखाली असलेले इंजिनही दिसत नाही. प्रतिकृती खोटी दिसते ती तिच्या पोटात उजेड असतो म्हणून! खऱ्या गाड्याच्या पोटात उजेड शिरायला जाळीवाचून दुसरी वाट नसते. आमच्या गाड्याच्या पोटात तो दहा वाटांनी शिरतो आणि जाळीतून पुन्हा आपल्या डोळ्यांत येतो.

शाळेत आठवी-नववीच्या मुलांना मी एक सोपा प्रयोग करून दाखवतो. बुटांचे रिकामे खोके घ्यावे. आतून ते पांढरे असले तरी हरकत नाही. एका बाजूला पेन्सिल जाईल एवढे भोक पाडावे, झाकण घट्ट बसवावे आणि चार हातांवरून त्या भोकाकडे पाहावे. ते काळे दिसते. भोकातून आत गेलेला प्रकाश भिंतीभिंतींवर आपटत राहतो, दर खेपेला थोडा थोडा शोषला जातो आणि त्याच इवल्या भोकातून बाहेर येण्याचा योग त्याच्यातील फारच थोड्या अंशाला लाभतो. दुपारच्या उन्हात दूरच्या घराची उघडी खिडकी काळीभोर दिसते ती याच कारणाने, आणि आपल्या डोळ्यातील बाहुली काळी दिसते तीही बऱ्याच अंशी याच कारणाने. आता खोक्याच्या तळाला दुसरे एक मोठे भोक पाडा आणि खोके अधांतरी धरा. पहिल्या भोकातील अंधार क्षणात नाहीसा होतो आणि तेथे जमीन दिसू लागते. तेव्हा पोकळी असणे हा दोष नाही; ती फुटकी असणे हा दोष आहे.

प्लॅस्टिकच्या संचांत ही फूट कोठून आली, याचीही एक मौजेची हकीकत आहे. रणगाड्यांच्या प्रतिकृतींत आज सर्वांत रूढ असलेले प्रमाण एकास पस्तीस हे. हा पस्तीस आकडा कोणत्या गणिताने ठरला असेल, असे वाटून मी पूर्वी चकित होत असे. पस्तिसाने भागण्यात कोणती सोय आहे? जपानमधील शिझुओका येथील तामिया या कंपनीने १९६० च्या दशकाच्या आरंभी पँथर रणगाड्याचा संच काढला. तो विजेच्या लहान मोटारीवर चालणारा होता, आणि आत मोटार व बॅटरीचे सेल मावतील एवढे पोट ठेवून बाकीचा गाडा बेतला गेला. त्यातून जे प्रमाण निघाले ते एकास पस्तीस. म्हणजे जे पोट आज आम्हांला रिकामे म्हणून छळते, ते मुळात रिकामे नव्हतेच. त्याच्यात सेल होते! पुढे खेळणे म्हणून पळणारे गाडे मागे पडले, कपाटात ठेवण्याचे गाडे आले, मोटार गेली आणि पोट तेवढे राहिले. जुन्या साच्यांतून निघालेल्या काही संचांच्या तळाला मोटारीच्या बटणाची खाच आणि स्क्रूची भोके अजूनही सापडतात.

दुसरी फूट अधिक लबाड आहे. रणगाड्याचे वरचे अंग त्याच्या साखळपट्ट्यांवर दोन्ही बाजूंना पुढे आलेले असते. खऱ्या गाड्यात त्या पुढे आलेल्या भागाला खालून पोलादी तळ असतो. अनेक जुन्या संचांत तो तळच नसतो, कारण चाके आणि पट्टे बसवल्यावर तो कोणाला दिसणार, असा साचा करणाऱ्यांचा हिशेब. खालून तो दिसत नाही, हे खरे. पण त्या उघड्या जागेतून उजेड वर चढतो आणि जाळीखाली जाऊन बसतो. कित्येक जण गाड्याच्या आत काळा रंग फासतात आणि तरीही जाळी उजळ दिसते म्हणून कपाळाला हात लावतात. रंगाने भिंत काळी होते, भोक बुजत नाही.

म्हणून आमच्या शनिवारच्या वर्गात पहिले काम रंगाचे नसते, ते बुजवण्याचे असते. वरचे आणि खालचे कवच जोडण्यापूर्वी ते नुसते एकमेकांवर बसवावे, खोलीतील दिवे मालवावे आणि गाड्याच्या खाली बॅटरी लावून जाळीकडे पाहावे. जेथून जेथून उजेड फुटतो तेथे पेन्सिलीने खूण करावी. पट्ट्यांवरच्या त्या उघड्या भागाला जाड लग्नपत्रिकेची पट्टी कापून आतून चिकटवावी. आमच्या भागात वैशाख संपला की घरोघरी लग्नपत्रिकांचे गठ्ठे साठतात, त्यांचा याहून चांगला उपयोग मला सापडलेला नाही. तळाची भोके पुटीने भरावी. हे काम कंटाळवाणे आहे आणि त्याचे कौतुक कोणीही करीत नाही.

त्यानंतर काळेपणा. येथे चकचकीत काळा रंग वापरला तर सगळ्यावर पाणी पडते, कारण चमक म्हणजे परत आलेला उजेड. आम्हां शिक्षकांच्या हाताशी यावर नामी औषध आहे: शाळेच्या फळ्याचा रंग. मागच्या बाकावरील मुलाला फळा चमकून अक्षर दिसेनासे होऊ नये, म्हणून तो मुद्दामच निस्तेज केलेला असतो. पुठ्ठ्यावर तो सरळ लावावा. प्लॅस्टिकवर मात्र एकदम लावू नये. त्यातील पातळ करणारे द्रव काही प्लॅस्टिकांना खाते. अशा वेळी तो कागदावर लावून, वाळवून, कागद आत बसवावा, किंवा पाण्यात मिसळणारा मंद काळा रंग घ्यावा. सोनाराच्या डबीतील काळी मखमल मिळाली तर सोन्याहून पिवळे. तिच्या उभ्या लवीत शिरलेला उजेड परत येत नाही. फोटोंच्या जुन्या वहीतील काळी जाड पानेही उत्तम. जाळीखाली तीन-चार मिलिमीटर अंतर सोडून त्या पानाची एक तळी करावी, चारी कडा वर दुमडून जाळीच्या सभोवार चिकटवाव्या. झाली अंधाराची पेटी तयार. गाड्याच्या बाकीच्या पोटात मग काहीही असो.

नाताळच्या दिवसांत आमच्या ख्रिस्ती घरांतून गोठा मांडतात, त्यातील गुहा करण्याची कृती नेमकी हीच आहे, हे मला फार पुढे उमगले. तपकिरी कागद चुरगाळून डोंगर करायचा आणि गुहेच्या पाठीमागे काळा कागद लावायचा. नाहीतर बेथलेहेमच्या गुहेतून दिवाणखान्याची भिंत आणि तिच्यावरचे कॅलेंडर दिसते. दिवाळीच्या किल्ल्यातील भुयारांना मात्र हा त्रास नाही. ती मातीतच खोदलेली, अंधार मातीचाच.

आता तारेची जाळी. परदेशी संचांबरोबर कधी कधी आम्लाने कोरलेल्या पितळेच्या पत्र्याच्या नाजूक जाळ्या येतात, त्या सुंदर असतात आणि त्यांची किंमत ऐकून मुलांचे पालक तितकेच सुंदर हसतात. पोरे हमखास घरातून चहाची गाळणी पळवून आणतात. पण गाळणीची भोके मिलिमीटरभर रुंद असतील, तर एकास पस्तीसच्या हिशेबाने खऱ्या गाड्यावर ती साडेतीन सेंटिमीटरांची, म्हणजे दोन बोटे सहज जातील एवढी, झाली. खडे अडवणार कशी? निपाणीच्या आणि बेळगावच्या बाजारात यावर स्वस्त उपाय आहे. स्क्रीन प्रिंटिंगवाले चौकटीवर जे बारीक विणीचे नायलॉनचे कापड ताणतात, त्याचे कातरलेले तुकडे त्यांच्या दुकानात केराच्या टोपलीत पडलेले असतात. मागितले तर हसत देतात. जरा जाड विणीचा तुकडा निवडावा, गाड्याच्या रंगात रंगवावा आणि पट्ट्यांवर ताणून बसवावा. त्याच्याखाली आपली काळी तळी असली म्हणजे ते कापड आहे हे हात लावल्याशिवाय कळत नाही.

काही संचांत जाळी उघडी नसतेच; प्लॅस्टिकवर नुसत्या पन्हळी उठवलेल्या असतात. त्या कोरून आरपार करण्याच्या नादी नवशिक्याने लागू नये. पन्हळींत पातळ काळा रंग सोडावा आणि वरच्या कडा कोरड्या कुंचल्याने उजळाव्या. सेंच्युरियनच्या तिरप्या पट्ट्यांना एवढे पुरते, कारण तेथे खऱ्या गाड्यातही वरून आरपार दिसत नाही. अमेरिकन शर्मनच्या काही प्रकारांत मात्र पाठीवर मोठे जाळीदार दरवाजे आहेत, तेथे अंधाराची पेटी हवीच. कोणत्या गाड्याची पाठ कशी हे छायाचित्रे पाहून ठरवावे. वरून काढलेली छायाचित्रे दुर्मीळ असतात, हे आधीच सांगून ठेवतो.

या छंदातील जाणती मंडळी माझ्या या साऱ्या उपदेशावर नाक मुरडतील. त्यांच्या मते गाड्याच्या आत इंजिन, पंखे, नळ्या, तारा सारे काही असले पाहिजे, आणि हल्ली असे अंतर्बाह्य संच मिळतातही. शेकडो तुकडे जोडून केलेले इंजिन मी पाहिलेले आहे आणि पाहून थक्क झालो आहे. परंतु ते जाळीखाली बंद केल्यावर करणाऱ्याचा जीव तळमळतो. मग तो दरवाजे उघडे ठेवतो, आणि गाडा रणावर नसून कारखान्यात उभा असल्यासारखा दिसतो. त्यांचा मार्ग निराळा, आमचा निराळा. शनिवारच्या वर्गासाठी मी मधली वाट काढली आहे. काळ्या तळीत बॉलपेनच्या संपलेल्या रिफिलचे दोन-तीन तुकडे आडवे चिकटवायचे, गडद करड्या रंगाने रंगवायचे आणि त्यांच्या वरच्या कडेवरून शिसपेन्सिल एकदाच हलकी फिरवायची. जाळीतून पाहणाऱ्याला अंधारात एखादी बारीक रेघ चमकल्यासारखी वाटते. बाकीचे इंजिन तो आपल्या मनाने जोडतो, आणि ते माझ्या कोणत्याही मुलाने केलेल्या इंजिनापेक्षा चांगले असते. पँथरच्या गोल झरोक्याखाली मात्र पंख्याची पाती करावीच लागतात. तो पंखा वरून दिसतो.

जाळीचे हे झाले. वरच्या फिरत्या बुरुजाच्या झाकणाचे काय? झाकण उघडे ठेवले तर तेथेही पोकळी दिसते. येथे काळा कागद चालत नाही, असे माझे मत आहे. जाळी हे यंत्राचे नाक आणि झाकण हे माणसाचे दार. दार उघडे आहे आणि दारात कोणी नाही, हे पाहणाऱ्याला लगेच जाणवते. उघड्या झाकणात कमरेपर्यंतचा सैनिक उभा करावा, नाहीतर झाकण लावून टाकावे. सैनिक करणे गाडा करण्यापेक्षा कठीण. मुलांचे सैनिक बहुधा गालगुंड झाल्यासारखे दिसतात.

याच प्रश्नावर आमच्या वर्गात एकदा बराच खल झाला. वर उल्लेख केलेल्या मुलानेच पुढच्या वर्षी 'फामागुस्ता' करायला घेतला. ही सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांच्या सेंच्युरियनचे नाव. खेत्रपाल यांचा जन्म पुण्यातला, १४ ऑक्टोबर १९५० चा. पूना हॉर्स या रणगाडा पलटणीत ते १९७१ च्या जूनमध्ये दाखल झाले. त्याच वर्षी १६ डिसेंबरला बसंतरच्या लढाईत, जरपालजवळ, शत्रूचे रणगाडे एकामागून एक चालून येत असता त्यांच्या गाड्याने पेट घेतला. गाडा सोडून बाहेर पडण्याची आज्ञा झाली. आपली तोफ अजून चालू आहे, असे कळवून ते आतच राहिले आणि लढत राहिले. पुढच्या माऱ्यात त्यांना वीरमरण आले. वय एकवीस. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र देण्यात आले. तो गाडा पुढे शत्रूच्या हाती पडला, नंतर परत मिळाला, आणि अहिल्यानगरच्या चिलखती दल केंद्रात तो जतन केलेला आहे.

मुलाचा प्रश्न सरळ होता. "सर, ह्याच्या आत काय करू?" वर्गात दोन पक्ष पडले. एक म्हणे, झाकण उघडे ठेवून आत लाल कागद आणि कापूस घालू, म्हणजे आग दिसेल. दुसरा म्हणे, बुरुजात सैनिक उभा करू. पहिली सूचना मी मोडून काढली. कापसाच्या धुरात बसलेली ही गोष्ट मला पाहवली नसती. दुसरी मुलानेच नाकारली. "मला तोंड जमत नाही, सर. त्यांचं तोंड वाकडं झालं तर?" सेंच्युरियनमध्ये चौघे असतात: नायक, तोफ डागणारा, गोळा भरणारा आणि चालक. नायकाचे छायाचित्र तरी सगळ्यांना ठाऊक आहे. उरलेल्या तिघांचे तोंड आमच्यापैकी कोणी पाहिले होते?

शेवटी त्याने झाकणे लावून टाकली. पाठीवरच्या पट्ट्यांखाली फळ्याचा रंग दिलेला कागद बसवला, पट्ट्यांवरची जागा पत्रिकेच्या कागदाने बुजवली, बॅटरी लावून दोनदा तपासले. वरचे कवच डकवण्याआधी तो गाडा घेऊन कोपऱ्यात जाऊन बसला. कोणाला दाखवीना. मी जाऊन पाहिले तर आतल्या काळ्या कागदावर त्याने खडूच्या टोकाने चार नावे लिहिली होती. कोठल्या तरी पुस्तकातून ती उतरून आणली होती. मग त्याने डिंक लावला आणि कवच दाबून धरले. प्रदर्शनात गाड्याजवळच्या चिठ्ठीवर या गोष्टीचा उल्लेख नव्हता. हवालदार त्याही वर्षी आले; त्यांनी गाडा उचलला, पाठ डोळ्यांजवळ नेली, जाळीच्या पट्ट्यांवर एक फुंकर मारली आणि "आता श्वास घेतोय" एवढेच म्हणून पुढच्या टेबलाकडे वळले.

शेवटी एक व्यवहाराची सूचना करून आपली रजा घेतो. बेळगावचा पावसाळा आपल्याला ठाऊक आहे. जून ते सप्टेंबर हवेत इतका ओलावा असतो की काळा कागद कडांनी सुटतो, मंद काळ्या रंगावर पांढुरकी धुकटी येते आणि लग्नपत्रिकेच्या पट्ट्या फुगून गाड्याचा सांधा उचलतात. बंद केलेल्या पोटात एकदा दमटपणा शिरला की तो बाहेर काढणे जिकिरीचे. म्हणून कवच डकवण्याचे काम गणपती उरकल्यावर, चांगले ऊन पडू लागले म्हणजे, हाती घ्यावे. तोवर जाळ्या रंगवाव्या, पंख्याची पाती कापावी आणि सुटे भाग काड्यापेटीत घालून, नाव लिहून, कपाटात ठेवावे.